विस्कॉन्सिनचे क्रमांकित राज्य महामार्ग

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९१८ मध्ये आपल्या मुख्य रस्त्यांना क्रमांक दिले आणि त्या क्रमांकांच्या पाट्या प्रत्यक्ष रस्त्यांवर लावल्या. संपूर्ण राज्यभर अशी व्यवस्था करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय.

रस्तेबांधणीत हे राज्य मुळात मागे होते. १८४८ च्या राज्यघटनेने सार्वजनिक बांधकामांवर राज्याचा पैसा खर्च करण्यास मनाई केली होती, त्यामुळे रस्त्यांचा भार गावे आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग) यांच्यावरच होता. १९०८ च्या घटनादुरुस्तीने ही अडचण दूर झाली आणि १९११ मध्ये राज्य महामार्ग आयोग स्थापन झाला. १९१६ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांसाठी अनुदानाचा कायदा केला. पाठोपाठ १९१७ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने ‘स्टेट ट्रंक हायवे’ कायदा संमत केला. सर्व काउंट्यांची मुख्य ठिकाणे आणि पाच हजार किंवा त्याहून अधिक वस्तीची शहरे एकमेकांना जोडणारे, जास्तीत जास्त ५,००० मैलांचे (सुमारे ८,००० किमी) जाळे त्यात अभिप्रेत होते. १९१९ मध्ये ही मर्यादा ७,५०० मैलांवर आणि १९२३ मध्ये १०,००० मैलांवर नेण्यात आली.

त्या काळात लांबच्या प्रवासाचे मार्ग नावांनी ओळखले जात. खासगी संघटना ‘यलोस्टोन ट्रेल’सारखी नावे देऊन खांबांवर आपापली खूण रंगवीत. एकाच खांबावर अनेक खुणा दाटत, आणि वर्गणी देणाऱ्या गावाच्या सोयीने मार्ग वाकडी वाट धरी. राज्याचे महामार्ग अभियंता आर्थर आर. हर्स्ट यांच्या कारकिर्दीत या गोंधळावर क्रमांकांचा उपाय योजण्यात आला. मे १९१८ मध्ये राज्यभर पाट्या लागल्या. टोक खाली असलेला त्रिकोण आणि त्यात ठळक क्रमांक, असे त्या खुणेचे रूप होते. आजच्या चौकोनी पाटीवरही तोच त्रिकोण, कोपरे गोलावून, कायम आहे. या योजनेचे खरे मोल पाटीपेक्षा तिच्यामागील विचारात आहे. क्रमांक रस्त्याच्या एखाद्या तुकड्याला न देता एका गावाहून दुसऱ्या गावी नेणाऱ्या सलग मार्गाला दिला गेला, आणि म्हणूनच खालचा रस्ता बदलला तरी क्रमांक टिकू शकला.

तरीही क्रमांक फार काळ स्थिर राहिले नाहीत. १९२६ मध्ये देशव्यापी ‘यू. एस.’ क्रमांक लागू झाले, तेव्हा एकाच राज्यात दोन मार्गांना एक क्रमांक नको, हे धोरण विस्कॉन्सिनने स्वीकारले. मिलवॉकीहून मॅडिसनमार्गे पश्चिमेकडे जाणारा राज्य मार्ग १९ हा यू. एस. १८ झाला, आणि साहजिकच राज्य मार्ग १८ हा क्रमांक वापरातून गेला. पुढे आंतरराज्य महामार्ग ४३ आला, तेव्हा केनोशाकडील राज्य मार्ग ४३ ला १४२ हा क्रमांक देण्यात आला.

या बदलांचा सर्वांत बोलका दाखला राज्य मार्ग १५ चा आहे. मिलवॉकी, फाँड दु लॅक, ऑशकॉश, ॲपल्टन आणि ग्रीन बे या शहरांना जोडणारा मूळचा मार्ग १५ हा १९२६ मध्ये यू. एस. ४१ बनला. मोटारींची गर्दी वाढली तसा यू. एस. ४१ गावांबाहेरून काढलेल्या रुंद, वेगवान रस्त्यावर हलवण्यात आला, आणि मिलवॉकी ते फाँड दु लॅक यांमधील जुन्या रस्त्याला राज्य मार्ग १७५ हा क्रमांक मिळाला. मिलवॉकीच्या वायव्य भागातील ॲपल्टन ॲव्हेन्यू, तसेच पुढे स्लिंगर आणि लोमिरा या गावांतून जाणारा रस्ता हा त्याच जुन्या मार्गाचा भाग आहे. म्हणजे एकाच रस्त्याने शतकभरात तीन क्रमांक पाहिले. मोकळा झालेला १५ हा क्रमांक पुढे मिलवॉकी–बेलॉइट मार्गाला देण्यात आला. त्या मार्गाचा द्रुतगती रस्ता १९८० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराज्य ४३ मध्ये सामील झाल्यावर १५ हा क्रमांक पुन्हा रिकामा झाला, आणि आज तो न्यू लंडन–ॲपल्टन परिसरातील एका छोट्या मार्गावर आहे. या कारणाने जुन्या नकाशावरील किंवा पत्रव्यवहारातील ‘मार्ग १५’ या उल्लेखाचा अर्थ लावण्यापूर्वी त्याचे साल पाहणे आवश्यक ठरते.

मार्ग ३२ चा क्रमांक मात्र स्मरणार्थ जपला गेला आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या ३२ व्या ‘रेड ॲरो’ डिव्हिजनच्या स्मृत्यर्थ त्याच्या पाटीवर त्रिकोणाबरोबर लाल बाणही असतो.

राज्याच्या जाळ्याखालील काउंटी महामार्गांना विस्कॉन्सिनने अंकांऐवजी अक्षरे दिली, त्यामुळे चौकातली पाटी पाहताच रस्ता राज्याचा की काउंटीचा, हे कळते. राज्य महामार्गांची नित्याची देखभाल आजही बहुतांशी राज्याशी झालेल्या करारांनुसार काउंट्यांचे महामार्ग विभागच करतात. २०१५ मध्ये मिलवॉकी–ग्रीन बे या पट्ट्यात यू. एस. ४१ च्या जोडीला आंतरराज्य ४१ हा दर्जा आला, आणि १९२६ पासून पाळलेल्या वेगळ्या क्रमांकांच्या धोरणाला तेथे जाणीवपूर्वक अपवाद करण्यात आला.