धर्माचरणापासून दुरावा : मुंबईतील तरुण पिढी

जन्माने मिळालेल्या धर्माची व्रते, विधी, पुरोहित आणि संस्था यांच्यापासून तरुण वयात अंतर घेणे. मुंबईत याला ठरलेले नाव नाही. स्वतःला नास्तिक म्हणवणारे थोडे. बहुतेक जण ‘मी फारसं मानत नाही’ एवढेच सांगतात. त्या ‘फारसं’मध्ये घरच्यांसाठी जागा राखलेली असते.

अमेरिकेत हा दुरावा मोजता येतो, कारण तिथे चर्चचे सभासद होण्याची पद्धत आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते. २०२० मध्ये ते ४७ टक्क्यांवर आले. हिंदूचे नाव कुठल्याच देवळाच्या वहीत नसते, म्हणून ते वगळले गेल्याचेही कळत नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २८.७ लाख लोकांच्या नावापुढे धर्माची नोंद नव्हती, म्हणजे ०.२४ टक्के. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीयांची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के लोकांनी देव मानत असल्याचे सांगितले. यावरून दुरावा नाहीच म्हणणे घाईचे होईल. देव आहे का, याचे उत्तर पटकन देता येते. घरात संध्याकाळचा दिवा कोण लावतो, हे अशा प्रश्नातून कळत नाही.

हा बदल घडतो तो घरात. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत देव्हारा ओट्याच्या वरच्या फळीवर असतो. पाळीच्या दिवसांत मुलीने तिकडे जायचे नाही, आणि खोली तर एकच. कॉलेजातून भुकेने कासावीस होऊन आलेली मुलगी चहाचे पातेले उचलते, तेव्हा आई म्हणते, ‘अगं, निदान फळीला तरी हात लावू नकोस.’ मनात पहिली अढी बसते ती अशा वेळी. पुढे नोकरी लागून ती मैत्रिणींबरोबर अंधेरी-पवईकडे भाड्याने राहू लागते. त्या घरात देव्हारा नसतो आणि तो नाही हे कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

विज्ञान शिकल्यामुळे श्रद्धा सुटते, असे सांगितले जाते. ते पुरेसे नाही. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत इंजिनिअरिंगची मुलेही उभी असतात. ‘मुलगा चांगला आहे, पण आपल्यातला नाही’ हे वाक्य त्याहून खोल घाव करते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. तेव्हा कॉलेजात असलेल्यांना प्रश्न विचारण्याची किंमत किती असू शकते, हे फार लवकर कळले.

मुंबईला हे नवे नाही. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा स्थापन केली, तीही गुप्तपणे. जात मोडल्याची खूण म्हणून सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. आजचा तरुण ज्या भयाने आईपासून लपवतो, तेच भय तेव्हाही होते. १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला. त्याने मूर्ती सोडली, देव सोडला नाही. गिरगावातला एक नाका आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. रघुनाथ धोंडो कर्वे मात्र उघड नास्तिक होते. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले.

बौद्ध वस्त्यांतला प्रश्न वेगळा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेतली. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या नातवंडांसाठी धर्म ही आजोबांनी विचारपूर्वक केलेली निवड आहे. वंदना म्हणायचा कंटाळा असलेला मुलगाही ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभा राहतो. त्याला दुरावलेला म्हणणे चूक ठरेल.

जिथे संस्था घट्ट आहे, तिथे बाहेर पडणे महाग पडते. समाजातून बहिष्कृत करण्याला आळा घालण्यासाठी मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. मुस्लिम समाजात सुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरोधात सात महिलांसह विधिमंडळावर मोर्चा नेला. आकडा लहान, पण त्या सात जणींना लागलेले धैर्य लहान नव्हते.

कायद्याने वाट मोकळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे. विधीशिवाय लग्न हवे असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात आधी नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी ३० दिवस असतात. दोघांची नावे-पत्ते फलकावर झळकतात, म्हणून घरी न सांगता लग्न करणाऱ्यांना हा महिना जिवावर येतो. घरचे राजी असले की, सकाळी रजिस्टर आणि संध्याकाळी हॉलमध्ये अंतरपाट, अशी तडजोडही होते.

दुरावलेले गणपतीत मात्र दिसतात. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक उत्सव चालतो. अशा मंडळांत रात्र रात्र जागून मखर उभारणाऱ्या मुलांपैकी काही जण आरतीला टाळ्या वाजवतात, पण हात जोडत नाहीत. त्यांचे नाते चाळीशी आहे. कोकणातल्या घरी गौरी-गणपतीला जाणारा चाकरमान्याचा मुलगाही आजीसाठी जातो, आणि हे तो मोकळेपणाने सांगतो.

मृत्यूच्या वेळी ही ओढाताण सर्वांत तीव्र होते. काही जण देहदानाचा अर्ज भरून ठेवतात. त्यांच्यामागे बहुधा दहावे-तेरावे होत नाही. वडील मात्र असे काही लिहून गेलेले नसतात. मग एरवी काहीच न मानणारा मुलगा वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायरीवर बसतो. पिंड ठेवून झालेला असतो, कावळा शिवत नाही, ऊन वाढत जाते. आईची नजर पिंडावरून हलत नाही, म्हणून तोही उठत नाही.