फॉलबॅक दिला होता, तरी शीर्षक काळंच का?

वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली व्हॅल्यू) वापरणाऱ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे: ती व्हॅल्यू आणून देणाऱ्या व्हार() च्या कंसात स्वल्पविरामानंतर दुसरी, म्हणजे फॉलबॅक व्हॅल्यू लिहून ठेवली की काहीही बिघडलं तरी ब्राउझर तीच वापरणार. असं होत नाही. का होत नाही, हा मला सीएसएसमधला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

एक शीर्षक घ्या. आधी 'कलर: ब्लू' लिहिलं. त्याखाली 'कलर: व्हार(--रंग, ग्रीन)'. (असं देवनागरी नाव खरोखर चालतं.) आणि --रंग मध्ये कुणीतरी चुकून '२० पिक्सेल' भरलं. शीर्षक निळं दिसेल की हिरवं? दोन्ही नाही. ज्या घटकाच्या आत ते आहे त्याचा रंग ते उचलतं, बहुतेक वेळा काळा.

साध्या सीएसएसमध्ये 'कलर: २० पिक्सेल' असं थेट लिहिलं असतं तर ब्राउझरने ती ओळ वाचतानाच टाकून दिली असती आणि वरचा निळा टिकला असता. न समजलेलं सोडून पुढे जायचं, हा सीएसएसचा १९९६ पासूनचा नियम. पण ओळीत व्हार() दिसला की वाचताना तिची पारख करता येत नाही. --रंग ची व्हॅल्यू प्रत्येक घटकासाठी वेगळी असू शकते, वारशाने येऊ शकते, जावास्क्रिप्ट ती मध्येच बदलू शकते. म्हणून ब्राउझर ती ओळ तूर्त वैध धरतो. मग कॅस्केड होतो: एकाच प्रॉपर्टीवर (कलरसारख्या गुणधर्मावर) हक्क सांगणाऱ्या ओळींतून एक जिंकते, बाकीच्या बाद. इथे नंतर लिहिलेली ओळ जिंकली, निळा गेला. व्हेरिएबलच्या जागी खरी व्हॅल्यू भरली जाते ती यानंतर, आणि तेव्हा कळतं की २० पिक्सेल हा रंगच नाही. निवडून आलेला उमेदवार निकालानंतर अपात्र ठरला म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा आपोआप आमदार होत नाही, तसंच हे. मग कलरसारखी वारशाने येणारी प्रॉपर्टी पालकाची, म्हणजे बाहेरच्या घटकाची, व्हॅल्यू घेते. बॅकग्राउंड-कलर वारशाने येत नाही, तो पारदर्शक होतो.

आणि हिरवा? तो फक्त --रंग ला व्हॅल्यूच नसेल तेव्हासाठी. इथे व्हॅल्यू आहे, चुकीची का असेना.

अशा वेळी कॅश साफ करा, 'इम्पॉर्टंट' (ओळीला इतरांवर मात करायला लावणारा शब्द) जोडा, असे तोडगे हमखास सुचवले जातात. ते गंडेदोरे आहेत. व्हारच्या ओळीला इम्पॉर्टंट जोडलं तर ती आणखी जोरात जिंकते आणि तशीच बाद होते. ब्राउझरच्या इन्स्पेक्टर या तपासणीच्या साधनात 'कम्प्युटेड' भाग उघडून अखेरची व्हॅल्यू बघा, रंग कुठून आला ते तिथून शोधता येतं.

जुन्या ब्राउझरचं प्रकरण वेगळं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला व्हार() माहीतच नाही, त्यामुळे तो अख्खी ओळ टाकतो आणि निळा दाखवतो. म्हणजे वरची साधी ओळ जुन्या ब्राउझरसाठी, स्वल्पविरामानंतरची व्हॅल्यू न भरलेल्या व्हेरिएबलसाठी. चुकीच्या प्रकारच्या व्हॅल्यूवर इलाज '@प्रॉपर्टी' हा नियम, जो २०२४ मध्ये फायरफॉक्स १२८ सोबत सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आला. त्यात --रंग हा रंगच असेल असं जाहीर करून सुरुवातीची व्हॅल्यू द्यायची आणि वारसा बंद ठेवायचा. मग २० पिक्सेल आले की --रंग स्वतःच त्या सुरुवातीच्या व्हॅल्यूवर परततो आणि शीर्षकाला तोच रंग मिळतो. हिरवा मात्र तिथेही कधीच वापरला जात नाही, कारण व्हेरिएबल आता रिकामं राहतच नाही.