दोन पूल आणि मग ठोके मोजायचे

रात्रीची वेळ. टपालगाडी भरधाव चालली आहे. डब्याच्या दारापाशी एक शिकाऊ उभा आहे आणि त्याच्या शेजारी या कामात मुरलेला एक जुना माणूस. बाहेर मिट्ट काळोख. टपालाने भरलेली चामड्याची थैली डब्याबाहेर नेमकी कधी काढायची, एवढेच त्या नवख्याला शिकायचे आहे. क्षणभर आधी काढली तर ती वाटेतल्या पुलावर आदळेल, उशीर झाला तर रुळांशेजारची जाळी मागे पडेल. जुना माणूस त्याला युक्ती सांगतो: दोन पूल जाऊ द्यायचे आणि मग चाकांचे ठोके मोजायचे. पोरगा कान टवकारून, ओठांतल्या ओठांत मोजू लागतो.

हा प्रसंग ‘नाइट मेल’ या १९३६ सालच्या ब्रिटिश माहितीपटातला. जेमतेम २५ मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने काढला. दिग्दर्शन हॅरी वॉट आणि बेसिल राइट यांचे, निर्माता जॉन ग्रिअर्सन. मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट बघत आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. त्या माहितीपटांवर याच ग्रिअर्सनच्या विचारांची दाट छाया होती. त्यामुळे ‘नाइट मेल’ पहिल्यांदा बघतानाही त्याचा सूर आपल्याला अनोळखी वाटत नाही.

लंडनच्या युस्टन स्टेशनवरून रोज रात्री साडेआठला सुटणारी ही गाडी ग्लासगो, एडिनबरा आणि ॲबर्डीनचे टपाल घेऊन स्कॉटलंडकडे जायची. गाडीत प्रवासी एकही नाही. टपाल खात्याचे ४० कर्मचारी आणि सुमारे पाच लाख पत्रे. आपल्या आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या डब्यात असे तशीच खणाखणांची भिंत, तिच्यासमोर उभे राहून रात्रभर वर्गवारी करणारी माणसे, आणि बाहेर गाव मागून गाव मागे पडत असलेले. लहान गावांसाठी गाडी थांबायचीच नाही. तिथले टपाल धावत्या गाडीतून द्यायचे आणि धावत्या गाडीतच घ्यायचे.

ही देवघेव कशी चाले? डब्याच्या बाहेरच्या अंगाला दुमडता येणारा लोखंडी हात असे. त्याला थैली अडकवायची, वेळ आली की हात बाहेर काढायचा. रुळांशेजारी एक मजबूत जाळी उभी असे. तिच्यात थैली अडकली की हात स्प्रिंगच्या जोरावर आपोआप परत जागेवर येई. उलट दिशेने टपाल घ्यायचे तर डब्याचीच जाळी बाहेर उघडायची आणि रुळालगतच्या खांबावर टांगलेली थैली तिच्यात ओढून घ्यायची. जाळी उघडी असेपर्यंत डब्यात घंटा वाजत राही. माणसांनी त्या कोपऱ्यापासून लांब राहावे म्हणून. ते किती गरजेचे होते, हे थोडा हिशेब केला की कळते.

गाडीचा वेग ताशी ६० मैल, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ मीटर धरा. थैली २० किलोची धरा. तिच्यातली गतिज ऊर्जा ७,२०० ज्यूलच्या आसपास जाते. तीच थैली ३६ मीटरवरून, म्हणजे बाराव्या मजल्याच्या उंचीवरून खाली टाकली तर जमिनीवर आदळताना तिच्यात एवढीच ऊर्जा असेल. ती दहा सेंटिमीटरच्या आत थांबवायची म्हटले तर सात टन वजनाइतका जोर लागेल. एक मीटरभर ताणत, झुलत थांबवली तर तो जोर पाऊण टनावर येतो. म्हणून भिंत किंवा पेटी न वापरता जाळी वापरायची, आणि म्हणूनच थैली जाड चामड्याची. खांबावर स्थिर लोंबणाऱ्या थैलीवर डब्याची जाळी जाऊन आदळते तेव्हाही हिशेब अगदी हाच राहतो. कोण स्थिर आणि कोण धावते आहे याने धक्क्यात फरक पडत नाही, दोघांमधला सापेक्ष वेग तेवढा मोजायचा. हे गॅलिलिओचे जुने तत्त्व तिथे रात्रीतून कितीतरी वेळा सिद्ध होत असे.

आता त्या ठोक्यांकडे येतो, कारण मला या चित्रपटाचा प्राण तिथे दिसतो.

त्या काळी रूळ सलग नसत. ६० फुटी तुकडे फिशप्लेट नावाच्या लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असत आणि दोन तुकड्यांमध्ये बारीक फट ठेवलेली असे. पोलाद तापले की वाढते. ६० फुटांचा, म्हणजे सव्वाअठरा मीटरचा रूळ तापमान ३० अंशांनी चढले की साडेसहा मिलिमीटरने लांब होतो. फट ठेवली नाही तर रूळ उन्हाळ्यात वाकडे होतील. चाक त्या फटीवरून गेले की खट् असा ठोका पडतो. एका बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याला, पुढेमागे दोन चाकजोड्या, म्हणून ठोके जोडीने ऐकू येतात: खटक्-खटक्, क्षणभर शांतता, पुन्हा खटक्-खटक्. उन्हाळ्यासाठी सोडलेल्या करंगळीपेक्षाही बारीक फटीतून रेल्वेचे सगळे संगीत निघते!

या ठोक्यांचा मोठा गुण असा की ते जमिनीला बांधलेले आहेत. शिकाऊ पोराने सेकंद मोजले असते तर फसला असता. गाडी त्या रात्री थोडी सावकाश असती तर थैली लवकर बाहेर निघाली असती, जोरात असती तर उशिरा. ताशी ६० मैलांना एका सेकंदाची चूक म्हणजे २७ मीटरची चूक. ठोक्यांचे तसे नाही. गाडी धावो की रांगो, एक ठोका (जोडीचा एकच धरायचा) म्हणजे ६० फूट. तो पोरगा वेळ मोजतच नव्हता, कानाने अंतर मोजत होता. आधीचे दोन पूल कशासाठी? मोजणी कुठून सुरू करायची ते कळावे म्हणून. उघड्यावर गाडीचा आवाज चहूकडे पांगतो. पूल आला की तो भिंतींवरून, कमानीवरून परत येतो आणि एकदम घुमतो. डोळे मिटूनही ओळखता येईल अशी ती खूण आहे. रडार नाही, दिवा नाही, आणि काही मीटरच्या अचूकतेने काम होते. हे ज्ञान कुठल्या अभियंत्याने कागदावर मांडून दिलेले नसावे, रोज रात्री त्याच वाटेने जाणाऱ्या माणसांनी ते कानांनी कमावले असावे, असे मला मनापासून वाटते.

हिशेब आणखी पुढे नेला तर गंमत कळते. मैलात ५,२८० फूट, म्हणजे ६० फुटी रुळांचे ८८ सांधे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणून ठोके पडतात मिनिटाला ८८. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी साधारण अशी चालते. वेग निम्मा झाला की ४४. गाणाऱ्याला किंवा तबला वाजवणाऱ्याला विचारा, हा आयता ठेका आहे.

चित्रपट करणाऱ्यांनी तो बरोबर ओळखला. अडचण अशी की तेव्हाच्या ध्वनिमुद्रण यंत्रांना खऱ्या गाडीत ठोके स्वच्छ टिपता येत नव्हते. मग मॉडेल रेल्वेच्या छोट्या रुळांवर छोटी गाडी हव्या त्या गतीने फिरवून तो आवाज मिळवला. ध्वनीची बाजू सांभाळणारे अल्बर्टो कॅव्हलकांटी अशा कामात पटाईत होते. वर्गवारीचा डबासुद्धा स्टुडिओत उभा केलेला. त्यात काम करणारी माणसे मात्र टपाल खात्याचीच होती. डबा जागचा हलत नव्हता, म्हणून त्यांना अंग झुलवत काम करायला सांगितले. रोज रात्री झुलणाऱ्या डब्यात उभी राहणारी माणसे इथे आठवणीने झुलली, आणि पडद्यावर ते पुरेपूर खरे वाटते.

शेवटच्या भागात गाडी स्कॉटलंडच्या हद्दीत बीटॉकचा चढ चढते. माथा १,०१६ फुटांवर. पायथ्यापासून दहा मैलांत सुमारे २०० मीटर चढायचे. इंजिनासकट ४०० टनांची गाडी धरली तर नुसती ही उंची गाठायला जवळजवळ ८० कोटी ज्यूल ऊर्जा हवी. वाफेचे इंजिन कोळशातल्या ऊर्जेपैकी सहा-सात टक्केच चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे ४०० किलो कोळसा फावड्याने भट्टीत गेला पाहिजे, तोही एकाच माणसाच्या हातांनी. पडद्यावर तो फायरमन दिसतो आणि नेमकी तिथे कविता सुरू होते. कवी डब्ल्यू. एच. ऑडन, संगीत बेंजामिन ब्रिटनचे, तेव्हा वय अवघे २२. ओळी चाकांच्या ठेक्यावर बसाव्यात म्हणून ऑडनने त्या स्टॉपवॉच लावून बेतल्या. ब्रिटनच्या वाद्यवृंदात सँडपेपर होता, वाऱ्याचे यंत्र होते. चढावर ओळी धापा टाकत येतात, उतार लागला की धावत सुटतात.

आता एक बारकावा. चित्रपटात दिसणारे ‘स्कॉट्स गार्ड्समन’ हे इंजिन तीन सिलिंडरचे, मोठी चाके पावणेसात फूट व्यासाची. चाकाच्या एका फेरीत वाफेचे सहा फुत्कार. ताशी ६० मैलांना ते सेकंदाला २५ होतात आणि कानाला सुटे ऐकूच येत नाहीत, त्यांची सलग घरघर होते. म्हणजे झुकझुक ही फक्त सावकाश चालणाऱ्या गाडीची. वेगात उरतात ते रुळांचे ठोके, आणि वेगातल्या ओळींनी धरला आहे तोही हाच ठोका.

ब्रिटनमध्ये फिरता टपाल डबा १८३८ साली सुरू झाला, शेवटचा जानेवारी २००४ मध्ये धावला. जाळी आणि थैलीची देवघेव त्याआधीच, ऑक्टोबर १९७१ मध्ये, पेनरिथजवळ शेवटची झाली. ‘स्कॉट्स गार्ड्समन’ अजून जतन केलेले आहे आणि त्याने खास गाड्याही ओढल्या आहेत. मात्र आता मुख्य मार्गांवरचे रूळ वितळजोड (वेल्डिंग) करून सलग केले आहेत, त्यामुळे चाकाखाली पूर्वीसारखे ठोके पडत नाहीत.

आपल्याकडेही मुख्य मार्गांवर तसेच झाले आहे. पण एखाद्या आडमार्गावर जुने १३ मीटरचे जोडरूळ अजून भेटतात. तिथे खिडकीशी बसा, एका बोगीचा एक जोडठोका धरून ४७ सेकंद मोजा. जितके ठोके होतील, गाडीचा वेग ताशी तितके किलोमीटर.