हॉट रॉड क्लब व कस्टम कार प्रदर्शने

जुनी, स्वस्तातली मोटार सुटी करून, वजन घटवून आणि इंजिनाची ताकद वाढवून वेगासाठी नव्याने बांधली की ती हॉट रॉड. देखणेपणासाठी पत्राकाम केले की ती कस्टम. दोन्हींचे माहेर अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया.

१९३२ साली फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरचे) इंजिन सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणले. पुढे ते जुन्या बाजारात मिळू लागले, तसे पोरांनी ते हलक्या, मडगार्ड उतरवलेल्या गाड्यांत बसवले. शर्यती मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या पात्रांत होत. धुळीच्या लोटात पुढचे दिसत नसे, म्हणून नियम आले. १९३७ मध्ये क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. क्लबाची खूण म्हणजे मागच्या बंपरखाली टांगलेली ओतीव ॲल्युमिनियमची पाटी.

महायुद्धानंतर रस्त्यांवरच्या शर्यतींमुळे हॉट रॉडवाले म्हणजे टवाळ पोरे, असे चित्र झाले. प्रदर्शनांमागे हे नाव धुऊन काढण्याचा हेतू मोठा होता. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरी इमारतीत असोसिएशनचे प्रदर्शन भरले. 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक तिथेच विकला गेला. मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून शर्यती रस्त्यावरून धावपट्टीवर नेल्या.

रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची मोटार. ओकलंडमध्ये रोडस्टर प्रदर्शन १९५० मध्ये सुरू झाले. 'अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर' हा त्याचा मान आणि नऊ फुटी, म्हणजे गाडीपेक्षा कितीतरी उंच, करंडक. पहिला मान बिल नीकॅम्प यांच्या १९२९च्या फोर्डला मिळाला. हीच गाडी पुढे त्यांनी एल मिराजवर ताशी १४० मैलांपलीकडे पळवली. बक्षिसाची गाडी धुळीत घालायला छाती लागते.

कस्टममध्ये जॉर्ज व सॅम या बॅरिस बंधूंचे नाव आधी घेतले जाते. टपाचे खांब काही इंच कापून टप खाली बसवायचा, सांधे वितळलेल्या शिशाने भरून कानशीने घासायचे. आपल्या गॅरेजात लांबी (पुट्टी) भरतात तेच काम, फक्त शिशाने. म्हणूनच या जड गाड्यांना 'लेड स्लेड', म्हणजे शिशाची घसरगाडी, हे थट्टेचे नाव पडले. १९५१च्या मर्क्युरी या मोटारीवर बॅरिस बंधूंनी केलेली 'हिरोहाता मर्क' आजही नमुना मानली जाते.

१९६०च्या सुमारास प्रदर्शनातल्या बऱ्याच गाड्या ट्रेलरवरून येऊ लागल्या. क्रोम चढवलेला खालचा भाग दिसावा म्हणून त्यांच्याखाली आरसे मांडत.