दिव्यांगत्वाची व्याख्या (भारतातील नोकरीविषयक भेदभावाच्या कायद्यात)

नोकरीत भेदभाव झाल्याची तक्रार न्यायालयात किंवा दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे गेली की आधी ठरते ते हे: तक्रारदार कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग आहे का? भारतात याचे उत्तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात शोधावे लागते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या या कायद्यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. एक संरक्षणासाठी आहे आणि दुसरी आरक्षणासाठी. या दोहोंची गल्लत झाली की हक्काचा माणूस दारातूनच परत जातो.

आधीचा कायदा १९९५ चा. त्यात अंधत्व, अधू दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार असे ७ प्रकार होते. यादीत नाव नसेल तर विषय संपला. शिवाय ‘अपंग व्यक्ती’ ठरण्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याचे किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागे. तरीही सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, असे त्याच कायद्याचे कलम ४७ सांगत होते. निमलष्करी सेवेतल्या एका जवानाचा पाय कापावा लागला आणि त्याला सेवेस अपात्र ठरवून घरी पाठवण्यात आले. त्या कुणाल सिंग खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की कायद्यात ‘अपंगत्व’ आणि ‘अपंग व्यक्ती’ या संज्ञा निरनिराळ्या आहेत आणि कलम ४७ सेवेत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यासाठी आहे. पुढच्या कायद्यातल्या दुहेरी व्याख्येचे बीज इथे दिसते.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्याला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ चा कायदा आला. त्याच्या कलम २ मधील मुख्य व्याख्येचा आशय असा: दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची दुर्बलता आणि भोवतालचे अडथळे एकत्र आल्यामुळे जिला समाजात इतरांच्या बरोबरीने पूर्ण सहभाग घेता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. यात टक्केवारी नाही. अडथळ्यांत जिना, दार, पायरी यांच्याबरोबर संवादाच्या, संस्थेच्या आणि लोकांच्या मनोवृत्तीच्या अडचणीही कायद्याने मोजल्या आहेत. व्हीलचेअर वापरणाऱ्या लेखापालाचे टेबल लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असेल, तर ती इमारतही दिव्यांगत्वाचा भाग ठरते. दोष केवळ शरीरात शोधण्याची सवय या व्याख्येने मोडली, आणि हेच तिचे सर्वांत मोठे काम आहे असे म्हणावे लागेल.

दुसरी व्याख्या ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेल्या व्यक्तीची. कायद्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांपैकी एखादे दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झालेली व्यक्ती यात येते. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण तिच्यासाठी आहे. भेदभावाला मनाई करणारे कलम ३ आणि सरकारी आस्थापनांतील नोकरीविषयीचे कलम २० यांत ४० टक्क्यांची अट नाही. तरीही ‘प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचे आहे, म्हणजे तुम्हाला कायदा लागू नाही’ असे अर्जदाराला सांगितले जाते. हे साफ चूक आहे. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक हवा होता. लक्षणीय दिव्यांगत्वाची अट केवळ त्या वर्गासाठी राखलेल्या लाभांपुरती आहे, वाजवी सोय मिळण्याचा हक्क मात्र प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला आहे, असा निकाल लागला.

वाजवी सोय म्हणजे नियोक्त्यावर अवाजवी भार न टाकता, त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे केलेला बदल: पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, उपचारांच्या दिवशी बदललेली पाळी, तळमजल्यावर हलवलेले टेबल. अशी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे, असे कायद्याची भेदभावाची व्याख्याच म्हणते. त्यामुळे तक्रारदाराला वरिष्ठांचा द्वेष सिद्ध करत बसावे लागत नाही.

टक्केवारीची मोजपट्टी सर्वांना सारखी बसत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०१६ मध्ये प्रथमच यादीत आला. पण त्याच्या वेदना झटक्याझटक्याने येतात. तपासणीच्या दिवशी धडधाकट दिसणारा कामगार पुढच्या आठवड्यात रुग्णालयात असतो. मानसिक आजाराचेही तसेच. त्याच्या मोजमापासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम अशा ४ बाबी पाहतात. जो जिवाचा आटापिटा करून नोकरी टिकवून आहे, त्याचा ‘काम’ या बाबीतला गुणांक खाली येतो आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी भरते. म्हणून पहिली, टक्केवारी नसलेली व्याख्या अशा माणसांसाठी कळीची आहे.

मानसिक दिव्यांगत्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये निकाली काढलेल्या रवींदर कुमार धारीवाल खटल्यात आला. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या या अधिकाऱ्यावर वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. दिव्यांगत्व हे कारवाईचे एकमेव कारण असल्याचे दाखवावे लागत नाही, अनेक कारणांपैकी एक असले तरी पुरे, असे न्यायालयाने म्हटले. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला कामाच्या ठिकाणचे निकष पाळणे इतरांपेक्षा अवघड जाते, म्हणून अशी कारवाई अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकते. त्याला त्याच वेतनावर, बंदूक हाताळावी लागणार नाही अशा पदावर नेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. कलम २०(४) नुसार तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा पदावरही ठेवावे लागते.

रंगांधत्व २१ प्रकारांत नाही. तरीही तामिळनाडूच्या वीज कंपनीने त्या कारणावरून नाकारलेल्या अभियंत्याला नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. यादीबाहेरच्या स्थितीलाही वाजवी सोयीचे तत्त्व लावता येते, हे त्यातून पुढे आले.

उणिवाही आहेत. कलम २० फक्त सरकारी आस्थापनांना बांधते. खासगी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला कलम ३ वर आणि कलम २१ खालील समान संधी धोरणावर भिस्त ठेवावी लागते; २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्या धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी तपशिलाने मांडायच्या असतात. पहिल्या उल्लंघनाला दंड मात्र जास्तीत जास्त १० हजार रुपये. प्रत्यक्षात दिव्यांग नसलेल्या माणसाला तसे समजून नाकारले, तर अमेरिकेचा १९९० चा कायदा त्याला संरक्षण देतो; भारतीय व्याख्येत तशी स्पष्ट तरतूद नाही. एचआयव्हीबाधितांच्या वाट्याला बहुधा असाच नकार येतो: अंगात काम करण्याची ताकद असते, पण समोरच्याच्या मनात भीती असते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘एमएक्स’ या सांकेतिक नावाने आलेल्या एका हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल देताना म्हटले, की काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येणार नाही. एचआयव्ही २१ प्रकारांत नाही. त्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असून त्यात रोजगारातील भेदभावाला मनाई आहे.