टाळ्या सभेच्या, मत देशाचं?

‘परदेशी नेत्याच्या भाषणाला एवढ्या टाळ्या पडतात, म्हणजे सगळा देश त्याच्यामागे आहे’ असा मजकूर सांगली-मिरजेच्या ग्रुपवर व्हिडिओसह वर्षानुवर्षे फिरतो. पण सभेला बहुतेक समर्थकच येतात. देशाचा कल पाहायचा तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी सरमिसळ माणसं निवडलेलं सर्वेक्षण शोधा. तिथे हजार जण पुरतात: १ भागिले १०००चं वर्गमूळ, म्हणजे चूक साधारण ३ टक्के इकडेतिकडे. मार्केट यार्डात हळदीचा सौदाही नमुन्यावरच होतो. नमुना एकांगी असेल तर मात्र लाखो मतंही फसवतात. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा कल घेणाऱ्या एका साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या. तरी कोण जिंकणार हा त्याचा अंदाज पार उलटा ठरला. म्हणून आकडा पुढे पाठवण्याआधी माणसं कशी निवडली, प्रश्न नेमका काय होता आणि तारीख कोणती, हे वाचा.