काचेवरून कागदावर: अजिंठा-वेरूळपासून सँडब्लास्टिंगच्या दुकानापर्यंत

हल्ली काचेच्या प्लेटवरून प्रिंट काढणाऱ्या कलाकारांचे व्हिडिओ सारखे समोर येतात, कुणी काचेवर केमिकल ओतून जुन्या पद्धतीचा फोटो काढतंय, कुणी जाड काच कोरून तिच्यात शाई भरून प्रेसमधून कागद काढतंय, आणि आपली आर्ट कॉलेजातली पोरं म्हणतात की हे फॉरेनचं काहीतरी नवीन निघालंय. नवीन कसलं? काचेवरून कागदावर चित्र उतरवायचं काम आपल्या मराठवाड्यात, अजिंठ्याच्या दरीत आणि वेरूळच्या लेण्यांसमोर, दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. आपण त्याला नुसतं 'जुने फोटो' म्हणतो आणि पुढं जातो, पण ते फोटो जेवढे कॅमेऱ्याचे होते तेवढेच हाताचे पण होते, म्हणून ही जरा मागची हकीकत.

सुरुवात १८५१ ची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रज माणसानं वेट कोलोडियनची पद्धत जाहीर केली. स्वच्छ काचेवर कोलोडियनचा चिकट थर सगळीकडं सारखा ओतायचा, अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात टाकून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची, की काचेवर निगेटिव्ह, म्हणजे उजेड-काळोख उलटा असलेलं चित्र, तयार. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे फोटोग्राफर जाईल तिथं अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या सोबत. कोलोडियनमध्ये इथर असतं, ते भसाभसा उडतं, त्यामुळं इंग्लंडात जे दहा मिनिटं ओलं राहील ते आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात किती राहणार हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

अशा हवेत अजिंठ्याला काम केलं ते रॉबर्ट गिलनं. मद्रासच्या फौजेतला अधिकारी, १८४४ मध्ये त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायचं काम मिळालं आणि तो अजिंठा गावातच राहिला. गिलचं नाव काढलं की आपल्याकडं लगेच पारो या तिथल्या बाईवरच्या त्याच्या प्रेमाची गोष्ट निघते. ती गोष्ट तिच्या जागी, पण तिच्या नादात या माणसाचं कॅमेऱ्यातलं काम साफ मागं पडलंय. वर्षानुवर्षं खपून त्यानं केलेल्या ऑइलच्या मोठमोठ्या नकला लंडनला गेल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच तो फोटोकडं वळलेला होता म्हणून बरं. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासोबत त्याचं लेण्यांवरचं पुस्तक निघालं त्यात ७४ फोटो होते. तेव्हा फोटो छापखान्यात छापून येत नव्हते, खरे प्रिंट पुस्तकात चिकटवायचे. म्हणजे एका पुस्तकाला ७४ प्रिंट, दहा पुस्तकांना ७४०, आणि प्रत्येक प्रिंट काचेवरून वेगळा काढायचा.

तो प्रिंट कसा निघायचा तर अंड्याचा पांढरा बलक आणि मीठ लावलेला कागद, त्यावर सिल्व्हर नायट्रेट, मग काच कागदाला चिकटून फ्रेममध्ये दाबायची आणि उन्हात ठेवायची. प्रिंट काचेच्या मापाचाच येणार, लहान-मोठा करायची सोय नाही, त्यामुळं मोठा प्रिंट पाहिजे असेल तर काचही मोठी आणि कॅमेराही मोठा.

एक गंमत बघा. कोलोडियनला निळा रंग फार दिसतो आणि लाल जवळजवळ दिसतच नाही. मग निळं आभाळ प्रिंटमध्ये कोरं पांढरं येतं आणि गेरूसारखे तांबडे रंग काळे पडतात. अजिंठ्याची चित्रं तर गेरूनंच भरलेली, वर लेणीत अंधार! फोटोची सोय आल्यावरसुद्धा चित्रांच्या नकला हातानंच होत राहिल्या त्याचं हे एक कारण, म्हणूनच पुढं १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात रंग घेऊन बसला. काचेनं लेण्यांचे खांब, कमानी, दगड उत्तम टिपले, रंगाचं काम तिला झेपलं नाही.

यानंतर मोठं नाव म्हणजे लाला दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा, जन्म १८४४ चा, रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेला, इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता. १८८० च्या दशकात सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी फोटोग्राफर झाला आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात, त्यामुळं आपल्या भागाचे जुने चांगले फोटो बरेचसे त्याच्याकडून आले. निजामाच्या मुलखातल्या ठिकाणांचा १८९२ चा त्याचा अल्बम आहे, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा यांचे त्याच्या स्टुडिओचे फोटो आजही पुस्तकांतून फिरत असतात. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातली मदतकामंही त्याच्या स्टुडिओनं टिपली, खडी फोडणारी, माती वाहणारी माणसं.

हे सगळं सामान नेलं कसं असेल? मनमाडहून औरंगाबादवरून जाणारी रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली, त्याआधी बैलगाडीच. १० बाय १२ इंचाची एक काच साधारण अर्ध्या किलोची भरते, शंभर काचा म्हणजे पन्नास किलोच्या आत-बाहेर, त्यात कॅमेरा, तिपाई, तंबू, बाटल्या. आणि एक चाक खड्ड्यात गेलं की आठवड्याचं काम गेलं. कोरड्या प्लेटींची, म्हणजे आधीच थर देऊन वाळवलेल्या काचांची, युक्ती रिचर्ड मॅडॉक्सनं १८७१ मध्ये सांगितली, पुढच्या दहाएक वर्षांत त्या विकत मिळायला लागल्या, तेव्हा कुठं जागेवरच डेव्हलप करायची कटकट सुटली. वजन मात्र तेवढंच राहिलं.

आता माझा मुद्दा. काच बाहेरून आली की काम संपत नव्हतं, तिथून रिटचर, म्हणजे निगेटिव्हवर हातानं दुरुस्ती करणारा माणूस, बसायचा. तिरप्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा, वर पेन्सिल धरेल असं वार्निश चोळायचं आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीनं ठिपका ठिपका करत जायचं. सगळं उलटं असतं हे लक्षात घ्या, काचेवर पेन्सिलीनं काळं केलं की प्रिंटमध्ये तिथं उजळ येतं, सुरीनं खरवडलं की काळं येतं. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या, सगळं असंच जायचं. कोऱ्या आभाळाचंही तसंच, डाग दिसू नयेत म्हणून आभाळाच्या भागावर काचेला अपारदर्शक रंग फासायचे, कुणी ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवून ते वरून प्रिंट करायचे. म्हणजे जो प्रिंट आपण 'अस्सल जुना फोटो' म्हणून बघतो त्यात चित्रकाराचा हात असतोच. दीनदयाळच्या सिकंदराबादच्या स्टुडिओत माणसांची मोठी फौज होती, १८९२ मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला तो केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई चालवायच्या, त्यांचं नाव तरी राहिलं. काचेवर डोळे फोडणाऱ्या रिटचरांची नावं प्रिंटवर नाहीत. त्यांना कलाकार म्हणायला आपल्याला जड का जातं हे मला खरंच कळत नाही.

तिकडं फ्रान्सात चित्रकारांनी कॅमेरा बाजूलाच ठेवला. काचेवर काळा थर द्यायचा, सुईनं त्यात चित्र ओरखडायचं, खाली फोटोचा कागद ठेवून ऊन दाखवायचं, झाला प्रिंट. याला क्लिशे-व्हेर म्हणतात. काजळी धरलेल्या काचेवरून असे प्रयोग इंग्लंडात १८३९ मध्येच झाले होते, पण रंग भरला तो १८५३ नंतर, आरास गावात कोरो या मोठ्या निसर्गचित्रकाराला त्याच्या मित्रांनी नादी लावलं तेव्हा. त्यानं ६० च्या वर अशा काचा केल्या. दोबिन्यी, मिले, रूसो या चित्रकारांनीही केल्या. १९२१ मध्ये पॅरिसात ४० जुन्या काचांवरून परत प्रिंट काढून विकले, चित्रकार जाऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी काच तशीच्या तशी. कोलोटाइप हा छपाईचा प्रकारही काचेवरचाच, जिलेटिनचा थर देऊन त्यावर शाईनं छापायचं, १८६८ च्या सुमारास म्युनिकच्या योसेफ आल्बर्टनं तो धंद्याला चालेल असा केला. एका प्लेटवर हजार-दोन हजार प्रती निघाल्या की थर संपला, पुढं ऑफसेट आल्यावर त्याला विचारतो कोण.

व्हिडिओत जाड काच प्रेसमधून जाताना दिसते ती गोष्ट मात्र अलीकडची. हार्वे लिटलटन हा अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात काचकाम शिकवणारा माणूस. १९७४ मध्ये थंड काचेवर सँडब्लास्टिंगचे, म्हणजे जोरात वाळू मारून काच खरवडायचे, प्रयोग चालू असताना त्याच्या डोक्यात आलं की या खडबडीत भागात शाई भरून छापलं तर? छापून बघितलं, जमलं. काच फुटेल अशी सगळ्यांना भीती, पण काच वाकवली की फुटते, सारखी दाबली तर भरपूर सोसते, त्यामुळं साधारण १० मिलिमीटरची फ्लोट काच (साधी सपाट काच) सपाट बेडवर एचिंग प्रेसमधून, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून दाबून छापायच्या यंत्रातून, आरामात जाते. फायदा असा की तांब्या-जस्ताच्या प्लेटवर काही रंग बिघडतात, पिवळा हिरवट मारतो, काच शाईशी काहीच करत नाही, रंग स्वच्छ येतो. आणि आरपार दिसतं, म्हणून खाली चित्र ठेवून वरून कोरता येतं, दुसऱ्या रंगाची प्लेट जुळवायलाही सोपं. याला व्हिट्रिओग्राफ म्हणतात. पुढं नॉर्थ कॅरोलायनातल्या त्याच्या स्टुडिओत डेल चिहुलीसारख्या काच-कलाकारांनी असे प्रिंट केले.

यातलं जवळजवळ सगळं सामान आपल्याकडं आत्ताच पडलेलं आहे. देवघराच्या दारावर मोर आणि दिवाणखान्याच्या पार्टिशनवर कमळ काढून देणारी सँडब्लास्टिंगची दुकानं संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर कुठंही बघा. स्टिकर कापून काचेवर लावायचा, कॉम्प्रेसरनं वाळू मारायची, स्टिकर काढायचा, लिटलटनची सुरुवात याच कामातून झाली. मोराच्या जागी स्वतःचं ड्रॉइंग द्यायचं एवढाच फरक, फक्त कडा घासून गोल करून घ्या नाहीतर प्रेसची फेल्ट (दाबासाठी घालायचं लोकरीचं जाड कापड) कापली जाते. काच ॲसिडनं कोरायचा मोह मात्र टाळा, त्याला हायड्रोफ्लोरिक लागतं, ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि पातळ असलं तर सुरुवातीला दुखत पण नाही. अडचण आहे ती एचिंग प्रेसची, ती सगळ्यांकडं नसते. पण मोनोप्रिंटला तीही लागत नाही, काचेवर शाई लावून चित्र काढा, वर कागद ठेवा, पळीच्या पाठीनं घासा. एकच प्रत निघते, दुसरी पाहिजे तर परत काढा.

दीनदयाळच्या २,८०० च्या वर काचा आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत, १९८९ मध्ये त्यांनी घेतल्या. निगेटिव्ह उजेडावर धरून बघितली की पेन्सिलीचं काम दिसतं, ते प्रिंटमध्ये दिसत नाही, म्हणून शिकणाऱ्यांनी स्कॅनवर समाधान मानण्यापेक्षा मूळ काच बघायला मागावी.